पुराणातली वांगी आणि नोहाचे तारू



दोन वर्षांपासून मी सिंगापुरात, बिशान येथे माझ्या लेकीकडे राहते. माझा नातू बारा वर्षांचा आहे. येत्या सिम्हाथ तोरानंतरच्या चौथ्या शब्बाथला त्याची बार मित्स्वा आहे आणि त्याच्या वाट्याला 'वायेरा' ही परशा आली आहे. मागच्या महिन्यात जेवण झाल्यावर त्याने माझ्यापुढे वहीचा एक कागद ठेवला. त्यावर एकाखाली एक अकरा प्रश्न लिहिले होते. शाळेतल्या एका मित्राने आणि त्याने मिळून ते काढले होते. सूर्य चौथ्या दिवशी निर्माण झाला, मग पहिले तीन दिवस कसे मोजले? काईनची बायको कोणाची मुलगी? तारवात इतके प्राणी मावले कसे? यहोशवाने सूर्य थांबवला म्हणजे पृथ्वी थांबली काय, आणि थांबली तर माणसे उडून कशी पडली नाहीत? असे अकरा. खाली त्याने बारावी ओळ लिहिली होती आणि ती खोडली होती, पण मला वाचता आली. हे सगळे झालेच नसेल तर मी उभा राहून ते का वाचू?

लेक म्हणाली, "आई, तूच बघ. तू शिक्षिका होतीस." जावई काही बोलले नाहीत. मी चष्मा लावला आणि कागद दोनदा वाचला.

खरे सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आले ते शब्द होते, "असले प्रश्न विचारायचे नसतात." हे शब्द माझे नव्हेत, ते मला शिकवले गेले. अलिबागकडच्या आमच्या गावी मशिदीत आम्हा मुलांना हिब्रू अक्षरे शिकवायला एक वृद्ध गृहस्थ येत. माणूस प्रेमळ होता. पण मी काईनच्या बायकोचा प्रश्न विचारला तेव्हा त्यांनी माझ्या बोटांवर पट्टी मारली. मी नऊ वर्षांची होते. पुढे इस्राएलला आल्यावर मी तीस वर्षे गणित शिकवले. एकदा तनाखच्या तासाला बदली शिक्षक म्हणून मला वर्गावर जावे लागले. एका मुलीने इफ्ताहच्या कन्येबद्दल विचारले, "तिला कोणी विचारलं होतं का?" मी म्हणाले, "वेळ नाही, गणिताची पुस्तकं काढा." त्या मुलीने माझ्या तासाला पुन्हा हात वर केला नाही. मी पट्टी मारली नाही एवढेच. म्हणून या वेळी नातवाला मी सांगितले, "बाळ, मला आठ दिवस दे."

त्या आठ दिवसांत जे वाचले आणि आठवले ते आपल्यापुढे मांडते. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा कागद आला असेल किंवा येईल.

आधी हिशेब पाहू. गणिताच्या शिक्षिकेने हिशेबाला घाबरायचे कारण नाही. तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. एक हात म्हणजे दीड फूट धरला तर साडेचारशे फूट लांब, पंचाहत्तर फूट रुंद आणि पंचेचाळीस फूट उंच. लाकडी जहाज म्हणून हे अवाढव्यच आहे. पण पाण्याचा हिशेब त्याहून अवघड. सर्वात उंच डोंगर बुडाले असे म्हटले आहे. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर. चाळीस दिवसांनी भागले तर दिवसाला सुमारे २२१ मीटर पाणी चढायला हवे. माझ्या लेकीची इमारत पंचवीस मजली आहे. म्हणजे दररोज एकावर एक ठेवलेल्या अशा तीन इमारती बुडतील एवढे पाणी. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर ठप्प झाले, ते आपल्यापैकी कित्येकांच्या नातेवाइकांनी भोगले आहे. नोहाचा पाऊस त्याच्या दोनशे तीस पटींहून अधिक होतो. शिवाय एका अध्यायात प्रत्येक जातीची एक जोडी आत घे असे सांगितले आहे आणि पुढच्याच अध्यायात शुद्ध पशूंच्या सात जोड्या.

दुसरा हिशेब 'बामिदबार'मधला. वीस वर्षांवरचे पुरुष ६,०३,५५० आणि एक महिन्यावरचे प्रथम जन्मलेले पुत्र २२,२७३. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. उत्तर सत्तावीसच्या वर येते. म्हणजे लहान मुले सोडून दिली तरी एकेका प्रथम पुत्रामागे सरासरी सत्तावीस पुरुष. मुली वेगळ्याच. आपल्या आज्यांना दहा-दहा, बारा-बारा मुले झाली हे खरे, पण हे गणित त्यांनाही पेलणारे नव्हे.

हा दुसरा हिशेब मी शोधलेला नाही. नाताळ येथील इंग्रज बिशप जॉन विल्यम कोलेन्सो याने १८६२ पासून मोशेच्या पाच पुस्तकांवर एक ग्रंथ छापायला सुरुवात केली, त्यात असे अनेक हिशेब आहेत. हा कोलेन्सो आधी हॅरोच्या शाळेत गणित शिकवीत असे आणि त्याची अंकगणिताची पुस्तके शाळांतून चालत. आफ्रिकेत तो झुलू भाषेत पवित्र शास्त्राचे भाषांतर करीत होता. मदतीला एक झुलू गृहस्थ होता. जलप्रलयाची गोष्ट भाषांतरित करताना त्या गृहस्थाने साधा प्रश्न विचारला, हे सगळे खरेच घडले का? सर्व प्राणी, थंड मुलखातले आणि उष्ण मुलखातले, खरेच दोन-दोन करून आले का? कोलेन्सोला भूगर्भशास्त्र थोडे ठाऊक होते. देवाच्या नावाने खोटे बोलायला त्याची जीभ वळेना. तिथून त्याने वही-पेन्सिल घेतली. वरिष्ठ बिशपने त्याला पदावरून काढले, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ते काढणे रद्द ठरवले. विद्यार्थ्याच्या एका सरळ प्रश्नाने एवढे सगळे झाले.

मी स्वतः हे हिशेब तपासले. ते बरोबर आहेत. वहीत कोणी असे गणित सोडवले तर मी त्यावर लाल रेघ मारू शकत नाही, तसे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. नातवाच्या अकरापैकी नऊ प्रश्नांना मी पूर्ण गुण दिले.

पण हे गुण देताना एक गोष्ट त्याला सांगितली, आणि ती शंकेखोरांच्या पुस्तकांत क्वचितच येते. हे प्रश्न आपल्या लोकांनी फार पूर्वी विचारले आहेत. काईनच्या बायकोचा प्रश्न मिद्राशच्या काळीही होता. त्यावर त्या काळच्या रब्बींनी उत्तर दिले की काईन आणि हेबेल यांच्यासोबत जुळ्या बहिणी जन्मल्या. उत्तर पटो न पटो, ज्याअर्थी उत्तर दिले त्याअर्थी कोणीतरी विचारले होते. तोराच्या शेवटी मोशे रब्बेनूंचा मृत्यू लिहिला आहे, तो त्यांनी स्वतः कसा लिहिला? तालमूदमध्ये यावर वाद आहे. एक मत असे की शेवटच्या आठ ओळी यहोशवाने लिहिल्या. दुसरे असे की मोशेनेच त्या रडत रडत लिहिल्या. इयोब नावाचा माणूस मुळी झालाच नाही, ती बोधकथा आहे, असे म्हणणाराही तिथे एक जण आहे, आणि त्याला कोणी पट्टी मारल्याचे लिहिलेले नाही. बाराव्या शतकातले अब्राहाम इब्न एझ्रा यांनी काही ओळी मोशेच्या नंतरच्या काळातल्या असाव्यात असे आडून सुचवले, तेच स्पिनोझाने १६७० साली उघडपणे मांडले. रलबाग यांनी तर यहोशवाचा सूर्य प्रत्यक्ष थांबला नाही, लढाई लवकर जिंकली गेली हाच चमत्कार, असे म्हटले. हे सगळे देव मानणारेच होते. स्पिनोझाची गोष्ट वेगळी, पण तोही आपल्याच मशिदीत शिकलेला.

मग आपल्याकडे, कोकणात, हे प्रश्न दाबले का गेले? मला वाटते त्याचे एक कारण आपल्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात धर्मग्रंथांच्या तर्काची मोठी कुस्ती चालली होती. डॉ. जॉन विल्सन यांनी मोरभट दांडेकरांशी वाद केला आणि १८३२ साली हिंदू धर्माची चिकित्सा करणारे पुस्तक छापले. पुराणांतल्या गोष्टी तर्काला कशा टिकत नाहीत हे त्यात होते. पंचवीस वर्षांनी, १८५७ साली, विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी उभे राहिले आणि त्यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद केला. त्यांच्यापुढे जॉर्ज बोवेन हे अमेरिकन मिशनरी होते. त्या वादांची पुस्तकेही निघाली. विष्णुबुवा मूळचे कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आपल्याच मुलखातले. मिशनऱ्यांनी पुराणांना लावलेली फूटपट्टी आता बायबललाही लागली.

या दोघांच्या मध्ये आपले पूर्वज बसले होते. मराठीतले शास्त्र आणि हिब्रूचे व्याकरण आपल्याला पुष्कळसे मिशनऱ्यांच्या शाळांतून मिळाले, हे उपकार नाकारता येत नाहीत. पण शास्त्रावर शंका घेणे म्हणजे एकतर मिशनरी होणे किंवा मिशनऱ्यांच्या शत्रूच्या बाजूला जाणे, असे आपल्याला वाटू लागले असावे. घर लहान असले की माणूस दार लवकर लावतो. आणि त्या कुस्तीत दोन्ही बाजूंची एक खोड होती. दुसऱ्याच्या ग्रंथाला तर्क, स्वतःच्या ग्रंथाला मखर. ती खोड आपणही उचलली. शेजारच्या कीर्तनात मारुतीने सूर्याला फळ समजून झेप घेतली हे ऐकून आम्ही मुले हसत असू, आणि यहोशवाच्या सूर्यापुढे मान खाली घालत असू.

याहून वाईट दुसरी सवय. मराठीत म्हण आहे, पुराणातली वांगी पुराणात. पुराणिकबुवांनी वांगी खाणे पाप म्हणून सांगितले, घरी बायकोने वांगी टाकून दिली, तर बुवा रागावून म्हणाले की ती पुराणातली वांगी, आपली ताटात वाढ. आपणही असेच करतो. मुलाने प्रश्न विचारला की म्हणतो, त्या जुन्या गोष्टी आहेत, तू फक्त सुरात वाच. म्हणजे गोष्ट खरी आहे असेही म्हणायचे नाही, खोटी आहे असेही नाही, आणि तिचा आपल्या जगण्याशी संबंध आहे असेही नाही. शंकेखोर निदान गोष्टीकडे लक्ष देतो. हे उत्तर देणारा तेवढेही करत नाही.

आता गोष्ट आणि खरेपणा यांचा संबंध काय, हे मला इथे बिशानमध्येच नीट दिसले. बिशान हे नाव चिनी आहे. पूर्वी या जागेला पेक सान म्हणत, हिरवागार डोंगर असा त्याचा अर्थ. १८७० पासून इथे कँटनकडच्या चिनी लोकांचे विस्तीर्ण कब्रस्तान होते. १९७३ साली तिथे दफन बंद झाले, पुढे सरकारने जमीन घेतली, लाखाच्या आसपास कबरी उकरल्या आणि त्या जागी आज आम्ही राहतो त्या इमारती उभ्या राहिल्या. बिशान स्टेशन १९८७ साली सुरू झाले. त्या स्टेशनवर रात्रीच्या शेवटच्या गाडीत भुते चढतात, अशा गोष्टी इथली शाळकरी मुले एकमेकांना सांगतात. माझा नातू त्या हसत हसत सांगतो, आणि त्यातल्या चुकाही काढतो. पण एके दिवशी त्याने विचारले, "आजी, मग ती सगळी माणसं नेली कुठे?" त्याला मी जवळच्याच पेक सान थेंगला घेऊन गेले. तिथे अस्थी ठेवलेल्या भिंती अजून आहेत. मग सांगितले की ज्या सर्कल लाइनने आपण शहरात जातो तिच्या शेवटच्या डोबी घाट स्टेशनच्या जागी एके काळी आपल्या ज्यू लोकांचे कब्रस्तान होते. तो बराच वेळ गप्प होता. भुताची गोष्ट तर्काला टिकत नाही. पण ती नसती तर त्याने हा प्रश्न विचारला नसता.

हे ऐकून तुम्हाला नौगाव आठवले असेल. मला तरी आठवले. जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना दोन उंचवट्यांखाली पुरले. हीच आपली उत्पत्ती. याला नातवाचा कागद लावून बघा. बरोबर सात आणि सातच कसे? बायका-पुरुष सारखेच कसे? आणि चित्पावनांच्या परशुरामाच्या कथेतही किनाऱ्याला लागलेली चौदाच शरीरे कशी? हाईम सामुएल केहीमकरांनी आपला इतिहास लिहिताना हे जहाज ख्रिस्तपूर्व १७५ च्या सुमाराचे मानले, पण त्याचा कागद कोणाकडे आहे?

हा प्रश्न आपल्याला एकदा विचारला गेला होता, आणि तो लहान मुलाने विचारलेला नव्हता. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बीनातीने सूचना काढल्या की बेने इस्राएल व्यक्तीच्या विवाहाआधी तिच्या आईकडच्या पिढ्यांची चौकशी करावी. कोकणातल्या तेल्यांच्या घरात कसले कागद असणार? आपल्या लोकांनी धरणे धरले, उपोषणे केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने ठराव करून आपण सर्व बाबतींत पूर्ण यहुदी आहोत असे जाहीर केले. तो अपमान तुमच्यापैकी अनेकांना अजून आठवत असेल. पुढे २०१६ साली शास्त्रज्ञांनी आपल्या रक्ताचा अभ्यास केला आणि त्यात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा अंश आणि भारतीयांचा अंश असे दोन्ही सापडले. गोष्ट अगदी जशीच्या तशी सिद्ध झाली नाही, आणि खोटीही ठरली नाही.

यातून मी एक भेद शिकले. शंका दोन प्रकारची असते. एक शंका माणूस जवळ येण्यासाठी घेतो, दुसरी बाहेर काढण्यासाठी. प्रश्नाचे शब्द तेच असू शकतात. "तुझ्याकडे पुरावा काय?" हे डॉक्टर विचारतो आणि दरवानही विचारतो. १९६२ साली आपल्याला दरवानाने विचारले. माझ्या नातवाने मात्र जेवणाच्या टेबलावर, आपल्याच आजीला विचारले. त्याला दरवानासारखे वागवणे हा आपला अन्याय झाला असता.

आणि दुसरे. शंकेखोरांचा समज असा असतो की पुस्तकातला एक आकडा चुकला की खालचा सगळा वाडा कोसळतो. ज्यांचा वाडा पुस्तकावर उभा आहे त्यांचे तसे होत असेल. पण आपले पूर्वज कित्येक पिढ्या पुस्तकाशिवायच राहिले. शनिवारी घाणा बंद, आठव्या दिवशी सुंता, पंख-खवले नसलेला मासा नाही, आणि ओठांवर शेमा. एवढ्यावर त्यांना 'शनवार तेली' हे नाव मिळाले. १७९६ साली सामुएल दिवेकरांनी मुंबईत पहिली मशीद बांधली, छापलेले मराठी शास्त्र त्यानंतर आले. तारवाची लांबी ठाऊक नसताना आपण यहुदी होतो. ती चुकीची निघाली म्हणून आता कमी यहुदी होणार नाही.

इथवर लिहून थांबले असते तर लेख सोयीचा झाला असता. पण कागदावर दोन प्रश्न राहिले होते आणि ते हिशेबाचे नव्हते. दहावा असा होता: अलीशाला मुलांनी टकल्या म्हटले म्हणून दोन अस्वलांनी बेचाळीस मुले फाडली, हे बरोबर आहे का? अकरावा: देवाने अब्राहामला मुलगा मारायला का सांगितले?

शंकेखोरांवर माझी खरी टीका इथे आहे. तारू मोजण्यात त्यांची पाने भरतात. तारवाबाहेर जी लहान मुले बुडाली त्यांना मोजायला ते पुष्कळदा विसरतात. काईनची बायको कुठून आली यावर ते हसतात. इफ्ताहच्या कन्येसाठी मात्र एकच ओळ लिहून पुढे जातात. सर्वांनी तसे केले असे नाही. टॉमस पेनने १७९४ साली बायबलमधल्या क्रौर्यावर संतापून लिहिले होते. पण आजच्या मुलांपर्यंत पोचतात ते कोड्यासारखे प्रश्न, कारण कोडे सोडवायला मजा येते आणि न्यायाचा प्रश्न झोप उडवतो. आणि आपण भाविक लोकही त्यामुळे सुटतो. सूर्य कसा थांबला यावर वाद घालत बसलो की बापाने दिलेल्या शब्दापायी मुलीचा जीव का गेला, याचे उत्तर द्यावे लागत नाही.

या प्रश्नांवर आपल्या जुन्या रब्बींनी काय केले ते पाहा. इस्राएलमध्ये राहणाऱ्यांना 'लो दुबीम वेलो याआर' हे ठाऊकच आहे. धादांत खोट्या गोष्टीला आपण तसे म्हणतो, अस्वलेही नव्हती आणि जंगलही नव्हते. ते शब्द याच अस्वलांच्या चर्चेतून आले आहेत. तिथे तालमूद आणखी एक गोष्ट सांगते, की अलीशा जो आजारी पडला त्याच्या आजारांपैकी एक या मुलांवर अस्वले सोडल्याबद्दल होता. म्हणजे एवढ्या मोठ्या नबीलाही रब्बींनी मोकळे सोडले नाही. इफ्ताहबद्दल त्यांनी म्हटले की देवाने असे अर्पण कधी मागितलेच नव्हते. तो नवस सोडवता आला असता, पण इफ्ताह आणि पिनहास हे दोघे मी मोठा की तू मोठा करीत बसले, कोणी कोणाकडे गेले नाही, आणि मधल्या मधे मुलगी गेली. हे वाचताना मला माझ्या वर्गातली ती मुलगी दिसते. तिचे उत्तर फार पूर्वीपासून तयार होते. मला ते ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नाही असे सांगायची मला लाज वाटली.

राहिला अकरावा. नातवाची परशा 'वायेरा' आहे आणि त्या एकाच परशात दोन गोष्टी शेजारी आहेत. सदोम शहराचा नाश होणार हे कळल्यावर अब्राहाम देवाशी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस, तीस, वीस, दहा? सर्वांचा न्याय करणाऱ्याने स्वतः अन्याय कसा करावा, असे तो देवालाच विचारतो. माझ्या मते हा शास्त्रातला पहिला शंकेखोर, आणि त्यालाच आपण 'अब्राहाम अविनू' म्हणतो. त्याच परशाच्या शेवटी त्याला मुलाला घेऊन डोंगरावर जायला सांगितले जाते आणि तो एक शब्द बोलत नाही. सकाळी उठतो आणि गाढवावर खोगीर घालतो. परक्या शहरासाठी सहा वेळा बोललेला माणूस स्वतःच्या मुलासाठी गप्प!

राशी म्हणतात, देवाने मुलाला वर आण असे सांगितले होते, काप असे नव्हे. हा आधार मला अपुरा वाटतो, पण त्यांनाही झोप लागली नव्हती एवढे त्यातून कळते. गोष्ट मात्र काही झाकत नाही. डोंगरावरून खाली उतरताना अब्राहामचे नाव आहे, इसहाकचे नाही. त्यानंतर देव आणि अब्राहाम यांचे बोलणे पुन्हा आलेले नाही. आणि पुढची परशा उघडली की पहिली बातमी सारेच्या मृत्यूची आहे. तिला कोणी विचारले नव्हते. तुमच्यापैकी ज्या मातांनी मुलांना सैन्यात धाडून रात्री रेडिओजवळ काढल्या आहेत त्यांना हे मी सांगायला नको. ज्याने ही गोष्ट लिहिली त्याला तिची किंमत ठाऊक होती. त्याने हिशेब जमवून दाखवला नाही, तूट तशीच उघडी ठेवली.

आठ दिवसांनी मी नातवाला हे सगळे सांगितले. सांगितले की नऊ प्रश्नांत तू बरोबर आहेस, दहाव्यात रब्बी तुझ्या बाजूला आहेत, आणि अकराव्याचे उत्तर माझ्याकडे नाही. तो म्हणाला, "मग आजी, तू काय करतेस?" मी म्हणाले, "दर वर्षी वाचते आणि दर वर्षी चिडते." त्याला हसू आले. तो वाचणार आहे की नाही हे त्याने अजून सांगितलेले नाही. पण परवा तो परशा पाठ करत होता आणि मध्येच थांबून त्याने विचारले, अब्राहामने दहावरच का सोडले, पाचापर्यंत का नाही आला? हा बारावा प्रश्न मी कागदावर लिहून ठेवला आहे.

माझी आपल्याला एक विनंती आहे. आपण आता सत्तरी-ऐंशीच्या घरातले लोक आहोत. मलिदा कसा करायचा, एलियाहू हन्नबीचे गाणे कोणत्या चालीवर म्हणायचे, हे आपण मुलांना लिहून देतो, आणि ते चांगलेच आहे. तसेच तुमच्या मुला-नातवंडांनी शास्त्राबद्दल जे प्रश्न तुम्हाला विचारले आणि ज्यांवर तुम्ही "गप्प बस" म्हणालात, ते आठवून या मासिकाकडे लिहून पाठवा. स्वतःचे लहानपणचे प्रश्नही पाठवा. उत्तरे नसली तरी चालेल. माझा काईनच्या बायकोचा प्रश्न मी पहिला पाठवते आहे, सदुसष्ट वर्षे उशिरा.